लाखेची तबकडी आणि एक तिरसट चित्रकार

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे पहिली झडप पडते ती व्यंगचित्रांवर. कथा दुपारच्या, लेख रात्रीचे, आणि कविता भाऊबीज उलटल्यावर, सवड झाली तर. ती चित्रे पाहून हसता हसता मला एक प्रश्न नेहमी पडत आला आहे. साऱ्या जगाची टोपी उडवणारा हा मनुष्य घरी एकटा बसला असताना स्वतःची टोपी कोणापुढे उतरवीत असेल? चित्रकारांना विचारावे तर ते हसून वेळ मारून नेतात. परंतु एक चित्रकार असा आहे की, त्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच हातून कागदावर उमटलेले आहे.

त्याचे नाव रॉबर्ट क्रम्ब. अमेरिकेत १९६८ नंतर जी बंडखोर चित्रकथांची लाट उसळली, तिचा हा मूळपुरुष. आधीच सांगून ठेवतो, या गृहस्थाची सगळीच पुस्तके दिवाणखान्यात, मुलांच्या हाताशी ठेवण्याजोगी नाहीत. मनातला सगळा केर त्याने चारचौघांत आणून ओतला आहे. पुढारी, साधू, बायका, पुरुष, गोरे, काळे, आणि या सर्वांआधी स्वतः तो, कोणीही त्याच्या लेखणीतून सुटलेले नाही. असा हा तिरसट मनुष्य एकाच जागी नम्र होतो. १९२० ते १९३०-३२ या काळात वाजवलेल्या जॅझच्या आणि ब्लूजच्या जुन्या तबकड्यांपुढे.

क्रम्बचा जन्म ३० ऑगस्ट १९४३ चा, फिलाडेल्फियातला. वडील नौदलाच्या पायदळात, म्हणजे मरीनमध्ये, शिपाईगडी, बदल्यांमागून बदल्या. घर दुःखी होते. थोरला भाऊ चार्ल्स याला चित्रकथांचे वेड, आणि तो धाकट्यांना धाकाने चित्रे काढायला बसवी. दूरचित्रवाणी तेव्हा नवी होती, आणि तिच्यावर दाखवायला जुने विनोदी चित्रपट आणि व्यंगपट भरपूर होते. मुले गमती पाहून हसत. या मुलाचे कान मात्र मागे वाजणाऱ्या संगीताकडे लागलेले. ते उड्या मारणारे, खट्याळ, तरी कुठेतरी हुरहूर लावणारे संगीत कसले आणि ते कोठे मिळते, हे सांगायला घरात कोणी नव्हते. पुढे सोळा-सतरा वर्षांचा असताना जुन्या सामानात पडलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्याच्या हाती लागल्या आणि त्याला आपला हरवलेला आवाज सापडला. मग हा लाजरा, हडकुळा पोरगा डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावी काळ्या लोकांच्या वस्तीत दारोदार हिंडून विचारू लागला, ‘जुन्या तबकड्या आहेत का विकायला?’

ही तबकडी म्हणजे काय वस्तू होती, ते जरा थांबून पाहण्याजोगे आहे. त्यात आपलाही थोडा वाटा आहे. १९५० च्या आधीच्या बहुतेक तबकड्या लाखेच्या. लाखेतून निघणारा चपडा, दगडाची बारीक पूड आणि काजळी एकत्र मळून त्या दाबून काढीत. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटात विरघळवतो तोच हा चपडा. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या डहाळ्यांवर एक इवलासा किडा जो राळेसारखा पदार्थ सोडतो, ती लाख. आणि तिचा जगातला सर्वांत मोठा पुरवठादार आपला देश होता. छोटा नागपूरच्या जंगलांत मुख्यतः, आणि थोडी आपल्या भंडारा-गोंदियाकडेही ती निघे. आमच्या बायकांच्या हातात बांगडी झालेली, महाभारतात पांडवांच्या जिवावर उठलेली ही लाख शिकागोच्या हबशी वस्तीत ट्रम्पेटचा सूर धरून बसली होती! माझ्या आजोळच्या माळ्यावर नाट्यगीतांच्या तबकड्यांची एक चळत होती. मामा त्या पुसताना श्वास रोखून धरी. तेव्हा मला ते सोंग वाटे. पण ती वस्तू हातातून निसटली की परळाप्रमाणे फुटते, हे एकदा पाहिल्यावर श्वास आपोआप रोखला जातो.

शिवाय तिच्यावर मावे किती? एका बाजूला तीन मिनिटे, फार तर सव्वातीन. आमच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यात अख्खी ठुमरी उभी करावी लागली. तिकडे जॅझवाल्यांनाही तोच तगादा. रात्रभर नाचाच्या दिवाणखान्यात वाजवणारे लोक तीन मिनिटांत आटपायचे म्हणताच एकही सूर फुकट घालवीनासे झाले. मला तर वाटते, क्रम्बसारख्या चित्रकथाकाराला ही तबकडी जवळची वाटली त्यात हेही एक कारण असावे. त्याच्याही धंद्यात चौकट ठरलेली, जागा ठरलेली, आणि सांगायचे ते तेवढ्यातच.

या तबकड्या काढणाऱ्या कंपन्याही कशा होत्या! पॅरामाउंट नावाची एक. तिची मालक विस्कॉन्सिन राज्यातली एक खुर्च्या करणारी कंपनी. ग्रामोफोनसाठी लाकडी पेट्या करता करता त्यांच्या लक्षात आले की, वाजवायला काही असेल तर पेट्या अधिक खपतील, म्हणून तबकड्या. १९२० साली मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची एक तबकडी ओके कंपनीने काढली, आणि तिच्या खपावरून सर्वांना कळून चुकले की काळे लोकही गाण्यावर पैसे खर्च करतात. मग त्यांच्यासाठी वेगळ्या तबकड्या, वेगळ्या याद्या, वेगळ्या जाहिराती निघाल्या. पॅरामाउंटचा माल स्वस्तातला, खरखर फार. आणि वादकांना मिळे ती एकरकमी बिदागी. पुढच्या खपावर त्यांचा हक्क नाही. सुतारांच्या या उद्योगातून अमेरिकेतले काही थोर संगीत जगले, हा निव्वळ योगायोग. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, तबकड्यांचा खप बुडाला, आणि १९३२ साली पॅरामाउंटचे ध्वनिमुद्रण बंद पडले. त्यानंतर आले युद्ध. १९४२ साली अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर निर्बंध घातले आणि जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या नव्या तबकड्या होऊ लागल्या. क्रम्ब दारोदार हिंडत होता तो या दळणातून वाचलेल्यांच्या शोधात.

त्यांवर वाजत काय होते? न्यू ऑर्लिन्सच्या धाटणीचा जॅझ म्हणजे एकाच वेळी तिघांचे बोलणे. कॉर्नेट चाल धरून पुढे जातो, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढतो, ट्रॉम्बोन खालून घसरत घसरत हुंकार देतो, आणि मागे पियानो, बँजो व ढोल लयीची गाडी हाकतात. कोणी कागद पाहून वाजवीत नाही, आणि तरी कोणी कोणाच्या पायात येत नाही. भजनात बुवांनी चाल सोडली की झीलकरी, मृदंग आणि टाळ ज्या विश्वासाने ती उचलतात, त्याची आठवण यावी. अशा बँडचा एक मेरुमणी किंग ऑलिव्हर. १९२३ च्या एप्रिलात त्याने इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी पहिल्या तबकड्या केल्या. खोली आगगाडीच्या रुळांना लागून. गाडी आली की वाजवणे थांबवायचे. मायक्रोफोन अजून आले नव्हते, भल्या मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवायचे. त्या बँडमधल्या दुसऱ्या कॉर्नेटवाल्या पोराचा आवाज इतका दणदणीत होता की, त्याला बाकीच्यांपासून लांब, मागे उभे केले होते. तो पोरगा लुई आर्मस्ट्राँग.

या आर्मस्ट्राँगची सुरुवातच एका सणापासून झाली. १९१२ च्या डिसेंबरची ३१ तारीख, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर नव्या वर्षाची धमाल, आणि अकरा वर्षांच्या लुईने सावत्र बापाचे पिस्तूल आणून हवेत बार काढला. आपल्या पोरांनी लवंगी लावावी तसा! पोलिसांनी धरले आणि काळ्या अनाथ मुलांच्या सुधारगृहात धाडले. तिथल्या बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट आला. हाच मनुष्य पुढे १९५५ साली न्यू ऑर्लिन्सच्या नाताळावर गाणे गायला. आणि १९७१ च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या चारेक महिने आधी, न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी बसून त्याने नाताळच्या आदल्या रात्रीची ती प्रसिद्ध बालकविता टेपवर वाचून ठेवली. त्याचे ते शेवटचे ध्वनिमुद्रण.

सणासुदीच्या तबकड्यांचा विषय निघाला आहे तर त्याबद्दल थोडे सांगतो. क्रम्बच्या लाडक्या काळातली नाताळची गाणी आपल्या समजुतीतल्या घंटा-बर्फाच्या गाण्यांसारखी नव्हेत. बेसी स्मिथने १९२५ साली नाताळच्या नाचाचे गाणे गायिले, ते आनंदाचे खरे. परंतु १९२८ साली ब्लाइंड लेमन जेफरसन या आंधळ्या गवयाने पॅरामाउंटसाठी नाताळच्या पूर्वरात्रीचा आणि नव्या वर्षाचा असे दोन ब्लूज गायिले, आणि १९२९ साली लेरॉय कारने गायिला तो तुरुंगातला नाताळ. सण म्हटला की घरापासून लांब असलेल्याला, खिसा रिकामा असलेल्याला, गजांआड असलेल्याला काय वाटते, ते या लोकांनी सणाच्याच बाजारात मांडले, आणि त्यांच्या लोकांनी ते विकत घेतले. जेफरसन पुढच्याच डिसेंबरात शिकागोच्या थंडीत मरण पावला.

क्रम्बच्या पोटापाण्याची सुरुवातही सणांवरच झाली, हे गमतीचे आहे. १९६२ साली तो क्लीव्हलंडला गेला आणि शुभेच्छापत्रे छापणाऱ्या एका मोठ्या कंपनीत चिकटला. वाढदिवस, नाताळ, लवकर बरे व्हा. वरिष्ठांना त्याची चित्रे फार भेसूर वाटत. गोंडस काढ, असा हुकूम. त्याने वर्षानुवर्षे शेकडो गोंडस चित्रे काढली. पुढे त्याच गोंडस वळणात त्याने जे भयंकर मजकूर भरले, ते पाहता त्या वरिष्ठांनी कपाळाला हात लावला असेल.

१९६७ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि पुढच्या वर्षी ‘झॅप’ या त्याच्या चित्रकथेचा पहिला अंक रस्त्यावर बाबागाडीत घालून विकला गेला. त्या अंकात एक चित्र होते. चारजण मागे रेलून, भलामोठा बूट पुढे टाकीत, मजेत चालले आहेत. हे चित्र सुचले ब्लाइंड बॉय फुलर या आंधळ्या गवयाच्या १९३६ च्या तबकडीवरून. चित्र वणव्यासारखे पसरले. सदरे, भित्तिपत्रके, ट्रकच्या चाकांमागचे पडदे, जिकडे तिकडे तेच. क्रम्बला त्यातून हाती आले ते खटले आणि प्राप्तिकराच्या कटकटी. पैसे दुसऱ्यांनी केले. फुलर तर १९४१ सालीच गेला होता, आणि त्याला त्या गाण्याचे काय मिळाले असेल ते वर सांगितलेल्या बिदागीवरून वाचकांनी ताडावे. फरक एवढाच की क्रम्बला निदान खटला भरता आला.

तरुण पिढीने त्याला डोक्यावर घेतले, आणि यांचे संगीत मात्र याला ऐकवेना! जॅनिस जॉपलिन ज्या बँडमध्ये गायची त्याच्या १९६८ च्या तबकडीचे वेष्टन त्याने रंगवले. ते अमेरिकेतल्या सर्वांत गाजलेल्या वेष्टनांपैकी एक ठरले. त्यानंतर रोलिंग स्टोन्सकडून बोलावणे आले, तर स्वारीने नकार दिला, कारण त्यांचे संगीत आवडत नाही. पैशाची गरज असताना असा नकार द्यायला मी त्याचा हेका म्हणतो, आणि मनात त्याला मानतोही. परंतु त्याचा सगळाच हेका मला पटत नाही. १९३० च्या दशकानंतर जॅझ बिघडला, असे त्याचे म्हणणे. म्हणजे एलिंग्टनचे १९४० सालचे ते सोन्यासारखे वादनही बाद! आमच्यातही बालगंधर्वांनंतर गाणे संपले म्हणणारे होतेच. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांच्याकडच्या तबकड्या ऐकाव्यात.

आता त्या उत्तराकडे येतो, जे कागदावर उमटले आहे असे मी प्रारंभी म्हटले. १९८० साली क्रम्बने जुन्या ब्लूज गायकांची ३६ चित्रे पत्त्यांच्या आकारात काढली, आणि १९८२ साली आरंभीच्या जॅझवादकांची आणखी ३६. पुढे २००६ साली ही चित्रे पुस्तकरूपाने निघाली. ते पुस्तक माझ्याजवळ आहे. क्रम्बची इतर चित्रे पाहिलेल्या माणसाने हे पत्ते पाहावेत. ती घामाघूम, पिळवटलेली, ओरखडे काढणारी रेघ कुठे गेली? जुन्या फोटोंवरून काढलेले शांत चेहरे. कोटाची घडी, टायची गाठ, वाद्यावर ठेवलेली बोटे, सगळे जिथल्या तिथे. कुठे नाक लांबवलेले नाही की ओठ फुगवलेले नाहीत. ही शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली, कारण याच माणसाने १९६८ च्या सुमारास काळ्या स्त्रीची चित्रे जुन्या विटंबनेच्या साच्यात काढली होती. ती वर्णद्वेष्ट्यांच्या मनाचेच विडंबन होती, असे त्याचे व त्याच्या चाहत्यांचे सांगणे. असेलही. परंतु ज्यांची विटंबना पिढ्यान् पिढ्या झाली त्यांना हा खुलासा पुरला नाही, आणि तो त्यांना का पुरावा, हे मलाही समजत नाही. एकाच हाताने दोन्ही काढले, हे खरे. ज्यांच्या वस्तीत दारे ठोठावून त्याने आपले सुख मिळवले त्यांचे ऋण कोणत्या चित्रांनी फिटले, हे पत्ते पाहिले की कळते.

त्यातला एक पत्ता जॅबो स्मिथचा. हा ट्रम्पेटवालाही आर्मस्ट्राँगसारखा अनाथ मुलांच्या बँडमध्ये शिकलेला, चार्ल्स्टन गावच्या. १९२९ साली ब्रन्स्विक कंपनीने त्याला आर्मस्ट्राँगचा प्रतिस्पर्धी म्हणून पुढे आणले. वादन असे की आजही ऐकणारा चकित व्हावा. तबकड्या मात्र खपल्या नाहीत. जॅबो मिल्वॉकी गावी जाऊन राहिला आणि लोक त्याला विसरले. १९७९ साली न्यू यॉर्कच्या एका संगीत नाटकात तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा सत्तरी उलटलेली. म्हणजे क्रम्बने त्याला चित्रात आणले तेव्हा तो हयात होता. १९९१ साली वारला. किंग ऑलिव्हरच्या नशिबी तेही नव्हते. दात आणि हिरड्या गेल्या, कॉर्नेट सुटला, आणि १९३८ साली सव्हानामध्ये एका बिलियर्डच्या अड्ड्यात झाडलोट करता करता तो संपला.

जेली रोल मॉर्टनवर तर क्रम्बने १९८५ साली अख्खी चित्रकथाच काढली. मॉर्टन हा थोर पियानोवादक, दातात हिरा बसवलेला, बढाईखोर. १९०२ साली जॅझ मीच शोधून काढला म्हणून सांगणारा. पुढे दिवस फिरले तेव्हा आपल्यावर कोणी करणी केली आहे, या समजुतीने तो खचला, आणि १९४१ साली लॉस एंजेलिसला वारला. क्रम्ब ती हकिगत हसत नाही, हळहळतही नाही. नुसती चौकटीमागून चौकट मांडत जातो. करणी, उतारा, गंडेदोरे यांना आपण काही परके नाही, त्यामुळे ती वाचताना मला तर एखाद्या जुन्या तमाशा-फडाच्या मालकाचीच गोष्ट वाटली.

नुसते ऐकून आणि काढून भागले नाही म्हणून क्रम्ब स्वतः बँजो घेऊन बसला. त्याच्या ‘चीप सूट सेरेनेडर्स’ या बँडच्या तबकड्या १९७० च्या दशकात निघाल्या. त्या बँडमधला त्याचा दोस्त टेरी झ्विगॉफ, हाही जुन्या तबकड्यांचा वेडा. याने क्रम्बवर एक चरित्रपट केला, तो १९९४ चा. त्यात क्रम्ब जमिनीवर पडून गीची वायली या गायिकेची १९३० ची पॅरामाउंट तबकडी ऐकतो. माणसांविषयी ज्याला सहसा चांगले बोलवत नाही असा हा गृहस्थ त्या चित्रपटात म्हणून जातो की, जुने संगीत ऐकताना आपल्याला मनुष्यजातीविषयी प्रेम वाटते, आणि असे फार थोड्या वेळा होते.

या झ्विगॉफचे बोट धरून मुंबईत यावे लागते. त्याचा २००१ चा ‘घोस्ट वर्ल्ड’ हा चित्रपट एका चित्रकथेवरचा, आणि त्यातही एक एकाकी तबकडीसंग्राहक आहे. चित्रपट उघडतो कशावर? आपल्या १९६५ च्या ‘गुमनाम’मधल्या महंमद रफीच्या त्या धमाल नाचगाण्यावर! ब्लूजच्या मागे लागलेल्या माणसाला ते भावले यात नवल नाही. जॅझ मुंबईत खूप आधीच मुरला होता. १९२६ साली शिकागोत आर्मस्ट्राँगच्या जोडीने तबकडी वाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवीत असे. १९४५ साली तो कलकत्त्यात पटकीने गेला. आणि गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो वाझ ट्रम्पेट घेऊन ‘चिक चॉकलेट’ झाला आणि आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, येऊन मिळाला. १९५१ च्या ‘अलबेला’त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. जॅझ कधी ऐकला नाही म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी भगवानदादांबरोबर पाय हलवले होते, ते कशावर?

१९९१ साली क्रम्ब अमेरिकेला कंटाळून बायकोमुलीसह दक्षिण फ्रान्समधल्या सोव्ह नावाच्या जुन्या खेड्यात राहायला गेला. घर घेतले ते आपल्या रेखाटनांच्या वह्या मोबदल्यात देऊन. वर्षानुवर्षांची मेहनत, मूळ पाने, सगळी गेली. तबकड्यांना मात्र हात लावला नाही. चरित्रपटाच्या अखेरीस त्या खोक्यांतून बांधल्या जाताना दिसतात. हमाल उचलून नेतात, आणि क्रम्ब धास्तावल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत राहतो.